लाल जास्वंदीचा फोटो नुसता लाल गोळा येतो? काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

दर वर्षी दोनदा हा प्रश्न माझ्याकडे येतोच. एकदा श्रावणात, जास्वंद भरभरून फुलते तेव्हा, आणि पुन्हा दसऱ्याच्या सुमारास, झेंडू ऐन भरात असतो तेव्हा. फूल डोळ्यांना सुरेख दिसतंय, फोटोत मात्र नुसता रंगाचा गोळा.

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकू फोन घेऊन आल्या. दुरुस्तीवाल्यानं कॅमेराच बदलावा लागेल असं सांगितलं होतं आणि त्या पैसे भरायच्या बेतात होत्या. मी त्यांचाच फोटो मोठा करून फुलाच्या मागचं पान दाखवलं. पानाची करवतीसारखी कड, त्यावरच्या शिरा, एका कडेला बसलेली मुंगी, सगळं स्वच्छ. फुलाच्या दांडीवरचे पिवळे परागही दिसत होते. फक्त पाकळ्या सपाट, जणू लाल कागद कापून चिकटवला आहे. ज्या कॅमेऱ्याला मुंगीचे पाय दिसतात, तो बिघडलेला कसा असेल? दोन मिनिटांत, एक पैसाही न खर्चता त्यांची जास्वंद नीट आली.

हा दोष मी इतक्या जणांच्या फोनमध्ये आणि कॅमेऱ्यात निस्तरला आहे की आता क्रम ठरून गेला आहे. तोच इथे देते.

लक्षणं

लाल, केशरी किंवा गडद राणी रंगाच्या पाकळ्यांवर शिरा, चुण्या, घड्या दिसत नाहीत. एका पाकळीवर दुसरी पाकळी आलेली असेल तिथली सीमा पुसली जाते. केशरी झेंडू फोटोत पिवळट होतो, लाल गुलाब गुलाबी किंवा राणी रंगाकडे झुकतो. फुलाच्या कडेनं रंग बाहेर सांडल्यासारखा वाटतो. कर्दळ, अबोली, लाल डेलिया यांनाही हेच होतं. आणि त्याच फोटोतली पानं, कुंडी, माती मात्र व्यवस्थित असतात.

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. पानंही धूसर असतील तर तुमचा दोष वेगळा आहे. तो हाताच्या हलण्याचा, वाऱ्याचा, फोकसचा किंवा काचेचा. शंका असेल तर वर्तमानपत्र भिंतीला चिकटवा आणि त्याच उजेडात, फुलाइतक्याच अंतरावरून त्याचा फोटो काढा. बारीक अक्षरं वाचता आली तर काच आणि फोकस दोन्ही ठीक आहेत, रंगाच्या तपासण्या करायच्या. अक्षरं पुसट आली तर पहिली तपासणी करून थेट शेवटच्या भागाकडे जा. मधलं सगळं करून उपयोग होणार नाही.

असं होतं कशामुळे

पागोळीखाली तीन बादल्या ठेवल्या आहेत असं समजा, लाल, हिरवी आणि निळी. कॅमेरा प्रत्येक ठिकाणचा उजेड या तीन बादल्यांत साठवतो. साध्या फोटोत प्रत्येक बादलीची मापं ० ते २५५. पांढरी तगर असली तर तिन्ही बादल्या जवळपास सारख्या भरतात. जास्वंदीवर मात्र जवळजवळ सगळं पाणी लाल बादलीत पडतं. ती काठोकाठ भरून वाहू लागली तरी बाकीच्या दोन अर्ध्याही भरत नाहीत. पाकळीची शीर आणि शिरेच्या बाजूचा भाग यांच्यातला फरक लालच्या कमी-जास्तपणात असतो. दोन्हीकडे २५५ झाले की फरक संपला. शीर गेली.

हे कॅमेऱ्याला कळत का नाही? तो उजेड मोजतो तो तिन्हींचा मिळून. उजेड मोजण्याच्या जुन्या रूढ सूत्रात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन आहे. आपल्या डोळ्यांना हिरवा जास्त उजळ वाटतो म्हणून हे असं. म्हणजे लाल पूर्ण २५५ ला टेकला आणि बाकी दोन शून्य असले, तर हिशेब येतो ७६. कॅमेऱ्याला वाटतं, फूल तर काळोखात आहे, अजून उजेड घेऊ या. त्यात भोवती गर्द हिरवी झुडपं असली की तो आणखीच उजळवतो.

भर म्हणून सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपची, रचनाही लालला कमी हात देणारी. बहुतेक कॅमेऱ्यांत दर चार टिपण-बिंदूंपैकी दोन हिरव्यासाठी, एक लालसाठी, एक निळ्यासाठी असतो. त्यामुळे लाल फूल मुळातच थोड्या कमी बारकाव्यानं टिपलं जातं. सगळं बरोबर करूनही लाल पाकळी पानाइतकी कोरीव येणार नाही, हे मनात धरून चला.

तपासणी १ : काच पुसा

खर्च शून्य. धुतलेल्या सुती कापडानं किंवा चश्म्याच्या कापडानं. स्वयंपाकघरातून तसंच उठून अंगणात आलं की बोटांचा तेलकट ठसा काचेवर असतोच. त्या ठशावर उजेड पसरतो आणि लाल रंग कडेबाहेर सांडतो. पावसाळ्यात एसीच्या खोलीतून बाहेर आल्यावर काचेवर बाष्प धरतं. ते पुसत बसू नका, पाच-दहा मिनिटं थांबा, आपोआप जातं.

तपासणी २ : फोटो बिघडलाय की फक्त दिसतोय तसा?

बरेच फोन पडद्यावरचे रंग मुद्दाम भडक दाखवतात. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' असेल तर ते 'नॅचरल' करा आणि तोच फोटो पुन्हा बघा. दुसऱ्या कुणाच्या फोनवर किंवा लॅपटॉपवरही बघा. पुष्कळदा शिरा फोटोत असतात, पडदा त्या दाखवत नसतो.

व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोवरून निवाडा तर मुळीच करू नका. फोटो लहान करताना उजेडाची माहिती बऱ्यापैकी राखली जाते, रंगाची मात्र सहसा चौथ्या हिश्शावर आणली जाते. लाल पाकळीचा सगळा जीवच रंगात, त्यामुळे मार तिलाच बसतो. कुणाला फोटो तपासायला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जाईल. 'फोटो बिघडला' म्हणून आलेल्यांपैकी काही जणांचं काम इथेच संपलेलं मी पाहिलं आहे.

तपासणी ३ : भडकपणाचे मदतनीस बंद करा

कॅमेऱ्यात एआय सीन, फ्लॉवर मोड, व्हिव्हिड फिल्टर असं काही चालू असेल तर बंद करा. फूल ओळखलं की हे मोड रंग आणखी गडद करतात, आणि लाल बादली आधीच काठाशी असते. मोठ्या कॅमेऱ्यात पिक्चर स्टाइल 'व्हिव्हिड' किंवा 'लँडस्केप'वरून 'न्यूट्रल'वर आणा. फोटो आधी थोडा फिका वाटेल. वाटू दे. फिक्या फोटोला नंतर रंग चढवता येतो.

तपासणी ४ : उजेड खाली ओढा

दहापैकी सात-आठ जणांचा दोष माझ्या अनुभवात इथेच सुटतो, म्हणून हे सावकाश करा.

फोनमध्ये फुलावर बोट टेकवा. चौकोन येतो आणि शेजारी सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते. ती खाली ओढत जा आणि नजर पाकळीवर ठेवा. एका क्षणी शिरा वर येऊ लागतात. जास्वंदीत हे फार छान दिसतं: मधल्या गडद खळगीतून निघून पाकळीभर पंख्यासारख्या पसरणाऱ्या रेघा आधी देठाकडे उमटतात, मग कडेपर्यंत जातात. कडेच्या चुण्या दिसल्या की थांबा. आता बोट दाबून धरलं तर बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात, म्हणजे वाऱ्यानं फूल हललं तरी कॅमेरा पुन्हा आपल्या मनानं उजळवत नाही.

कॅमेऱ्यात अधिक-उणे चिन्हाचं बटण असतं. लाल फुलाला उणे ०.७ पासून सुरुवात करा, मग उणे १, मग उणे १.३. तिन्ही फोटो काढून ठेवा. झेंडूला बहुधा उणे ०.७ पुरतं, गडद लाल गुलाबाला जास्त लागतं.

पानं काळवंडतील. काळवंडू द्या. अंधारात दडलेला तपशील नंतर वर काढता येतो, सांडून गेलेलं पाणी पुन्हा बादलीत भरता येत नाही. 'लाल फूल छान यावं म्हणून मी फोटो उजळ केला' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि नेमका तोच सगळ्या बिघाडाचा उगम असतो.

फूल चौकटीत लहान असेल तर कॅमेरा झुडपाचाच उजेड मोजतो. तेव्हा जवळ जा किंवा थोडं झूम करा, म्हणजे चौकटीचा मोठा भाग फुलानं व्यापेल. पण फार जवळही नको. फोनच्या मुख्य लेन्सला फोकससाठी काही किमान अंतर लागतं, त्याच्या आत शिरलात की फोटो धूसर होतो. साधारण एक वीत अंतर ठेवा आणि मग फोटोच्या कडा कापून घ्या. काही फोन जवळ गेल्यावर गुपचूप दुसऱ्या, रुंद लेन्सवर जातात आणि दर्जा एकदम घसरतो. मॅक्रोचं चिन्ह आपोआप उमटत असेल तर ते बंद करून बघा.

तपासणी ५ : ऊन, सावली आणि आजूबाजूचे रंग

दुपारच्या उन्हात लाल पाकळीवर दोन गोष्टी होतात. लाल तर वाहतोच, शिवाय पाकळीच्या गुळगुळीत पाठीवर उन्हाची पांढरी चकाकी येते आणि तिथे काहीच उरत नाही. सकाळी सात ते साडेआठ ही माझी वेळ. जास्वंदीला तीच सोयीची, कारण ती सकाळी उमलते आणि बहुतेक जाती संध्याकाळी मिटतात. पूजेला फुलं तोडण्याआधी फोटो काढा.

सकाळी जमत नसेल तर फूल आणि सूर्य यांच्यामध्ये पांढरा पंचा धरा. पातळ, धुवून मऊ झालेला सुती पंचा याला फार चांगला. बटर पेपर चालतो, पांढरी छत्रीही चालते. रंगीत छत्री नको, तिचा रंग फुलावर उतरतो. श्रावणातलं ढगाळ आभाळ हाच मुळात मोठा पंचा आहे. पाऊस थांबल्यावरची पंधरा-वीस मिनिटं सोडू नका.

रंग उतरण्याचं हे प्रकरण बागेत सगळीकडे असतं. आमच्याकडे चिपळूणला जांभ्याचे गडगे, अंगणात गेरूनं रंगवलेल्या कुंड्या. त्यावर ऊन पडलं की तांबूस उजेड उलटून पाकळ्यांवर येतो आणि लाल अजून वाढतो. कुंडी हलवता येत असेल तर हलवा, नसेल तर भिंत आणि फूल यांच्यामध्ये पांढरा पुठ्ठा उभा करा. शहरात बाल्कनीला हिरवी शेडनेट असते. तिच्याखाली उलटं होतं: उजेडच हिरवट, म्हणून लाल फूल विटकरी, मेल्यासारखं दिसतं. हा दोष उजेड कमी-जास्त करून जात नाही. फूल जाळीबाहेर न्या किंवा पुढची तपासणी करा.

तपासणी ६ : व्हाइट बॅलन्स

व्हाइट बॅलन्स म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंगांचा घालतो तो मेळ. आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स चौकटभर हिरवळ बघून कधी कधी विरुद्ध रंग मिसळतो आणि जास्वंद राणी रंगाची होते. प्रो मोडमध्ये (सेटिंग स्वतः ठरवायचा मोड) जाऊन तो सूर्याच्या चिन्हावर किंवा ५२०० ते ५५०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) दरम्यान पक्का करा. सावलीचं चिन्ह लावलं की फोटोत ऊब वाढते, म्हणजे लालच वाढतो. ते लावायचंच असेल तर उजेड आणखी थोडा खाली घ्या. गोकर्णाचा निळा फोटोत जांभळा येतो ही तक्रारही नेहमीची, पण व्हाइट बॅलन्सनं ती अर्धवटच सुटते. तिथे पाकळीच्या रंगद्रव्यातून परतणारा तांबडा उजेडही हात मारतो.

तपासणी ७ : तीन रंगांचा हिस्टोग्राम

हे कॅमेरेवाल्यांसाठी. हिस्टोग्राम म्हणजे फोटोतला उजेड डावीकडे काळोखापासून उजवीकडे झगझगाटापर्यंत दाखवणारा आलेख. फोटोनंतर नुसता पांढरा हिस्टोग्राम बघू नका. तो सरासरी उजेडाचा असतो आणि वर सांगितलेला ७६ चा घोटाळा तिथेही होतो: आलेख उजव्या भिंतीपासून लांब, सगळं आलबेल, आणि पाकळी मात्र गेलेली. मेन्यूतून तीन रंगांचा हिस्टोग्राम चालू करा. लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटून उभी असेल तर उणे अजून वाढवा. भिंतीपासून थोडी जागा उरली की समजा जमलं.

तपासणी ८ : रॉ मध्ये काढा

इथून पुढे मेहनत वाढते, म्हणून आधीचं सगळं करून झाल्यावरच या. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये, बादल्या मोठ्या असतात, मोठ्या कॅमेऱ्यात सहसा १२ किंवा १४ बिटच्या. त्यामुळे साध्या फोटोत वाहून गेलेलं वाटतं त्यातलं काही परत मिळतं. काही फोनही रॉ देतात, लाइटरूम या फोटो-संपादनाच्या ॲपच्या मोबाइल आवृत्तीतूनही काढता येतं.

संपादन करताना लोक पहिली चूक करतात ती सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवण्याची. लाल फुलाला उलटं करायचं: फक्त लाल आणि केशरीचं सॅच्युरेशन दहा-पंधरा घरं खाली, त्यांचा उजळपणाही थोडा खाली. मग पानांच्या सावल्या वर उचला. मोबाइलच्या आणि संगणकाच्या साध्या पडद्यांचा जो सर्वसाधारण रंगपट आहे, त्यात जास्वंदीचा अस्सल लाल पूर्ण मावत नाही. रॉ मध्ये शाबूत असलेली शीर साधी फाइल बनवताना पुन्हा बुजते ती यामुळे. रंग किंचित सोडला की शीर राहते. मी दर वेळी शीर निवडते. लाल रंग काय, बघणाऱ्याच्या मनात असतोच.

तपासणी ९ : पोलरायझर

पोलरायझर म्हणजे लेन्सवर बसवायचा, चकाकी कमी करणारा फिल्टर. पैसे घालायचे तर सगळ्यात शेवटी आणि फक्त चकाकी हाच त्रास उरला असेल तर. घेण्याआधी कुणाचा पोलराइज्ड गॉगल मागून घ्या, लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा आणि पाकळीवरची पांढरी झाक कमी होते का बघा. होत नसेल तर फिल्टर घेऊ नका. तो साधारण एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड खातो, म्हणून वाऱ्यात फूल हललेलं येण्याची शक्यताही वाढते.

इथे थांबा आणि जाणकाराकडे न्या

वर्तमानपत्राची अक्षरं काच पुसूनही, जवळून-लांबून कुठूनच नीट येत नसतील, तर सेटिंगशी खेळत बसू नका. त्याआधी दोन गोष्टी मात्र करा. फोनचं कव्हर काढून परत फोटो घ्या, कारण चुंबक असलेलं कव्हर किंवा धातूची पट्टी फोकसच्या यंत्रणेत अडथळा आणू शकते. आणि फोन रोज दुचाकीच्या हँडलला अडकवत असाल तर ते दुरुस्ती करणाऱ्याला सांगा. इंजिनाच्या जोरदार कंपनांनी कॅमेऱ्याची हलणारी यंत्रणा खराब होऊ शकते, अशी सूचना ॲपलनं २०२१ मध्ये आपल्या आयफोनबद्दल दिली होती. तशी यंत्रणा इतरही अनेक फोनमध्ये असते.

काचेच्या आतून बाष्प दिसत असेल, तर फोन बंद करून दुरुस्तीला द्या. उन्हात ठेवू नका, तांदळात पुरू नका. पिठूळ धूळ भोकांत शिरते आणि आतलं पाणी जागेवरच राहतं.

कॅमेऱ्याच्या लेन्समधून टॉर्चचा झोत तिरका टाका आणि दुसऱ्या बाजूनं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा झाडाच्या मुळांसारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात कपाटात पावसाळाभर पडून राहिलेल्या लेन्सला हे हमखास होतं. तिथून पुढे स्वतः हात लावू नका. स्क्रू उघडू नका, थिनर किंवा काच पुसायचं द्रावण घालू नका. भिंगं जागेवरून केसभर सरकली तरी फोकस जातो आणि तो परत बसवायला अवजारं लागतात. ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि लवकर द्या, कारण बुरशी वाढू दिली तर काचेवरचा लेप खाते आणि तो डाग साफ करूनही जात नाही. फोकस करताना करकर आवाज येत असेल किंवा लेन्स मध्येच अडकत असेल, तरीही हेच.

उघडण्याआधी अंदाजे खर्च लिहून मागा. बुरशी कितव्या भिंगावर आहे आणि डाग राहील का, हेही विचारा. कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी लेन्स असेल तर तशीच वापरलेली लेन्स कितीला मिळते हे आधी पाहून ठेवा, पुष्कळदा दुरुस्ती त्याहून महाग पडते. बाकीच्या लेन्स हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि पुड्या ओलावल्या की बदला.

दुरुस्त होऊन आलेला फोन किंवा लेन्स घेऊन तसेच घरी येऊ नका. वर्तमानपत्राचं एक पान बरोबर न्या, दुकानाच्या दारात उजेडाला धरा, फोटो काढा आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून वाचा. एका कोपऱ्यातली पुसट असतील तर भिंग तिरकं बसलंय, तिथल्या तिथे परत द्या.